दोघांच्या गाडीचे टायर

गजानन,

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. आपली गाडी माझ्या इमारतीच्या तळमजल्यावर, खांबाला लागून, तू शेवटची पाहिलीस तशीच उभी होती. परवा ती तिथून हलली. ती का हलली आणि तिला कोणते टायर बसले, हे तुला सांगायचं आहे. आपल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत तुझ्याविषयी सगळे चांगलं बोलले. मीही दोन वाक्यं बोललो आणि ती दोन्ही खरी होती. पण जे बोलायला मी उभा राहिलो होतो, ते त्यांत नव्हतं.

यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. तरी क्रमाने मांडतो. क्रमाने मांडल्याशिवाय मला माझी चूक नीट दिसत नाही, आणि अर्धवट दिसलेली चूक मी फार लवकर माफ करतो, स्वतःला.

दोन संसारी माणसांनी मिळून एक मोटारसायकल घ्यावी, यावर नऊ वर्षांपूर्वी सुरतेतल्या आपल्या उधन्यात बरेच दिवस हसणं झालं. तू पॉवरलूमच्या कारखान्यातला मास्टर, बिघडलेल्या मागांना पुन्हा चालतं करणारा. मी बँकेतला अधिकारी. लांबच्या प्रवासाची ती जड गाडी एकट्याने घ्यायचं धाडस दोघांतही नव्हतं. तू एकच अट घातलीस: गाडीला नवं काहीही लावायचं, तर दोघांचं मत एक हवं. साधा आरसा असला तरी. नियम तुझा, पण त्याचा वापर नेहमी मीच केला, कारण तू सहसा कशाला नाही म्हणत नव्हतास. गाडी चालवायचोही बहुधा मीच. तुला मागे बसायला आवडायचं. "पुढचा मानूस रस्ता पाह्यते, मांगचा मुलूख पाह्यते," असं तू म्हणायचास, आणि कडोदरा मागे पडलं की मुलूख पाहायला लागायचास. बारडोलीचे ऊस, सोनगडच्या टेकड्या, नवापूरनंतर बदलत जाणारी घरांची कौलं. धुळे, जळगाव करत मलकापूरजवळच्या तुझ्या गावी पोहोचेपर्यंत तुझं बोलणं संपत नसे. मी मात्र ओरडून उत्तर द्यायचो, कारण लूमच्या खडखडाटाने तुझे कान गेले होते.

आपली ओळखही त्या कानांमुळेच झाली. तू बँकेत आला होतास आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या सवयीने सगळ्या शाखेला ऐकू जाईल असं बोलत होतास. काउंटरवरचा माणूस वैतागला. मी तुला माझ्या टेबलाशी बसवलं आणि तुझ्या कानाशी तोंड नेऊन बोललो. तू मान डोलवून म्हणालास, "साहेब, तुमचा आवाज बारीक हाये, पन तुम्ही हात हालवून बोलत नाई. मले बरं वाटलं." त्या दिवशी मी तुझ्यावर काही उपकार केला असं मला वाटलं होतं. ते वाटणं पुढे नऊ वर्षं माझ्या मनाच्या तळाशी राहिलं, हे मी आता मान्य करतो. कदाचित तिथूनच सगळं सुरू झालं.

गाडीतलं मला जे काही कळतं, ते तू शिकवलंस. टायरच्या कडेवर छापलेले चार आकडे वाचायला तूच शिकवलंस. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. विसरवाडीच्या अलीकडे पंक्चर काढून घेताना तू दुकानातल्या नव्या दिसणाऱ्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलंस आणि मला दाखवलंस, रबर दबत नव्हतं. "नक्षी पाहून टायर घेनारा लुगड्याचा काठ पाहून पोत इसरते," तू म्हणालास. टायरवाल्याने विचारलं, "काका, तुम्ही कपड्याचे व्यापारी का?" तू म्हणालास, "नाई, मी मागाचा डॉक्टर. हे साहेब बँकेवाले. यांच्याकडं टायरले बी आधार कार्ड लागते." त्यावर मीसुद्धा हसलो होतो. तेव्हा तू केलेल्या थट्टेवर मला हसता यायचं.

या पावसाळ्यात मागचा टायर मधोमध सपाट झाला. हमरस्त्यावर सरळ धावणाऱ्या गाडीचा होतो तसाच. तो बदलायचा, यावर वाद नव्हता. कोणता घ्यायचा, यावर होता. मला खोल खाचांचे, जाड ठोकळ्यांचे टायर हवे होते, ज्यांना दुकानात बटणाचे टायर म्हणतात. मी म्हणायचो, पुढेमागे निवृत्त झाल्यावर आपण हिमाचलला जाऊ, तिथे रस्ते कच्चे, दगडांचे. तुझं म्हणणं साधं होतं. "आपुन जातो कुठी? बारडोली, नवापूर, धुळे अन् माह्यं गाव. सगळं डांबर. अन् इथं सुरतेत सगळे पूल सिमेंटचे. बटनाचा टायर डांबरावर टेकते किती? ओल्यात घसरन. अन् मांगं मी बसतो, वजन माह्यंच जास्त." तू डांबरी रस्त्याचे, बारीक खाचांचे टायर म्हणत होतास, आणि तेही दोन्ही चाकांना. पुढचासुद्धा गेला आहे, असं तुझं ठाम मत होतं. "हँडल बारीक थरथरते, साहेब. मले पायात कळते." मला हातात काही कळत नव्हतं, म्हणून मी ते मानलं नाही.

माझ्या हट्टाचं खरं कारण मी तुला कधी सांगितलं नाही. शाखेतल्या तरुण मुलांना मी त्या टायरांची छायाचित्रं दाखवली होती. हिमाचलचं बोललो होतो. चौपन्नाव्या वर्षी कुणीतरी आपल्याकडे कौतुकाने पाहावं, एवढीच ती हौस होती. तुला सांगितली असती तर तू हसला असतास, आणि मग बहुधा हो म्हणाला असतास.

त्या शनिवारी आपण हसमुखभाईंच्या टायरच्या दुकानात गेलो. बाकावर चार-पाच गिऱ्हाइकं बसलेली होती. हसमुखभाईंनी दोन्ही प्रकार बाहेर मांडले आणि विचारलं, "बोलो, मास्टर. क्या डालना है?" तू माझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणालास, "साहेब को पूछो. इनका टायर हिमालय जानेवाला है, साहेब खुद नवापूर तक." सगळा बाक हसला. हसण्यासारखंच ते होतं. तू मग पुढच्या चाकाला हात लावून म्हणालास, "अन् हा बी बदला. हा बी बोलून राह्यला."

आणि मी, माझ्या नेहमीच्या खालच्या आवाजात, एकेक शब्द जुळवून म्हणालो, "ज्याला माणसांचं बोलणं ऐकू येत नाही, त्याला चाकांचं बोलणं बरं ऐकू येतं."

बाक पुन्हा हसला. या वेळी तुला.

मी ते मराठीत म्हणालो होतो, पण उधन्यात मराठी कुणाला समजत नाही? तू माझ्याकडे पाहिलंस, मग चाकाकडे. "चला," म्हणालास. आपण काहीच न घेता परतलो. तू मागे बसला होतास आणि उधना दरवाज्यापासून माझ्या इमारतीपर्यंत एक शब्द बोलला नाहीस. गाडी खांबाला लावली, कुलूप घातलं, आणि तू चालत घरी गेलास.

त्या रात्री मी स्वतःला समजावलं की तुला ऐकू गेलं नसणार. मी तुझ्या डाव्या बाजूला उभा होतो, आणि तुझा डावा कान पार गेलेला आहे, हे मला पक्कं माहीत होतं. गाडीवर मी मान उजवीकडे वळवून बोलायचो आणि तू उजवीकडूनच पुढे झुकायचास. म्हणजे चालणारा कान उजवा. ज्या व्यंगावरून मी तुला हिणवलं, त्याच व्यंगाच्या आडोशाला मी लगेच जाऊन बसलो. तिथे मला झोपही लागली.

पुढच्या आठवड्यात तुझा दोनदा फोन आला. पहिल्यांदा मी बैठकीत होतो, हे खरं आहे. दुसऱ्यांदा नव्हतो. मला वाटलं, तू तो विषय काढशील, आणि मला एकतर माफी मागावी लागेल किंवा पुन्हा वाद घालावा लागेल. दोन्हींची तयारी नव्हती. वाजून वाजून फोन थांबला. पुढच्या रविवारी स्वतःच तुझ्याकडे जायचं, असं मी ठरवलं. शुक्रवारी सकाळी कारखान्यातून तुझ्या शेजारच्या मास्टरचा फोन आला, आणि मी रविवारच्या ऐवजी शुक्रवारी तुझ्या घरी गेलो.

तेराव्याच्या जेवणानंतर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. त्यांच्या हातात गाडीची दुसरी किल्ली होती. "भाऊजी, गाडीचं काय करायचं? यायचा अर्धा वाटा आता माह्याकडं आला म्हनतात."

मी म्हणालो, "वहिनी, आधी मला काही सांगायचं आहे." आणि सांगितलं. दुकान, बाक, मी म्हणालो ते वाक्य. काही गाळलं नाही, निदान मला तसं वाटलं.

वहिनी किल्ली हातात फिरवत राहिल्या. "मले नाई सांगितलं त्यायनं."

तेव्हा मला उमगलं, की तू घरी येऊन त्यांना जे कळू दिलं नव्हतंस, ते मी त्यांच्या पदरात टाकलं होतं. माझं मन हलकं करायला मी तुझ्या बायकोची निवड केली, आणि तीही तेराव्या दिवशी. मी घाईने म्हणालो, "त्याला ऐकू गेलं नसेल. मी डाव्या बाजूला होतो."

वहिनींनी वर पाहिलं. "डावाच कान तर चालत होता, भाऊजी. उजवा दहा वर्सं झाले, पार बंद."

मी म्हणालो, "पण गाडीवर तो उजवीकडून झुकायचा."

"मंग? तुमच्या उजव्या खांद्यावरून मानूस झुकला, तं त्याचा कोन्ता कान तुमच्या तोंडाशी येईन?"

मी तिथेच बसल्या बसल्या कल्पनेने तुझ्या जागी बसून पाहिलं. डावा. अर्थातच डावा. नऊ वर्षं मी तुझ्या डाव्या कानात ओरडत होतो आणि त्याला उजवा समजत होतो. तुझ्याकडे मी कधी वळून पाहिलंच नाही, गजानन. मी रस्ता पाहत होतो.

वहिनी रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, आणि ते मला जास्त जड गेलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मले सांगून काय उपेग? जिथी बोलले, तिथी जा. चार लोकायसमोर बोलले ना? चार लोकायसमोर सांगा."

"आणि गाडी?"

"गाडी इकायची नाई. नवे टायर टाका अन् चालवा."

"कोणते टाकू? नियम आहे आमचा. दोघांचं मत लागतं."

यावर त्या पहिल्यांदा किंचित हसल्या. तुझ्यासारख्याच, एका बाजूने. "मले टायरातलं काय कळते? त्यायच्या वाट्याचं मत तुम्हीच सांगा. नऊ वर्सं आयकलं ना त्यायचं? का तुमचे बी कान गेले?" आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

हे काम मला वाटलं तितकं सोपं नव्हतं. तुझं मत काय होतं, ते ठाऊक होतं. डांबरी टायर, दोन्ही चाकांना. ते बसवले की झालं. पण आठवडाभर मी किल्ली खिशात घेऊन बँकेत गेलो आणि परत आलो. तुझे टायर बसवून मी आता किती मोठ्या मनाचा ठरणार होतो, हे मला आधीच दिसत होतं, आणि ते दिसत असेपर्यंत दुकानात जायची मला लाज वाटत होती. तू असताना जे मान्य करणं जमलं नाही, ते तू गेल्यावर मान्य करण्यात कसलं मोठेपण? तू समोर असतास तर निदान म्हणाला असतास, "साहेब, उशीर केला."

परवा सुट्टी होती. मी गाडी बाहेर काढली, चाकांत हवा भरून घेतली आणि सावकाश दुकानापर्यंत नेली. बाकावर तीन माणसं होती. त्या दिवशीची होती की नाही, सांगता येत नाही. हसमुखभाई गाडीची वाटच पाहत असल्यासारखे उठले. "आवो साहेब, आवो. मास्टर नहीं आये? माल तो कब का आके पडा है."

कोणता माल, हे मला समजलं नाही. मी आधी त्यांना तुझी बातमी सांगितली. ते खाली बसले. टायरच्या चळतीवरच बसले. "अरे," म्हणाले. "अरे, मास्टर." बाकावरच्या एकाने डोक्यावरची टोपी काढली.

मग मी उभ्या उभ्या म्हणालो, "हसमुखभाई, उस दिन यहाँ मैंने उनका मजाक उडाया था. उनके कान को लेकर. सबके सामने. वो मेरी गलती थी, और टायर के बारे में वो सही थे. ये मुझे सबके सामने कहना था." तुझ्याशी बोलताना जेवढा आवाज चढवायचो तेवढा तो आपोआप चढला होता. रस्त्यावरून जाणारी एक बाई वळून पाहू लागली.

हसमुखभाई चळतीवरून उठले. मग म्हणाले, "साहेब, मास्टर दूसरे ही दिन आये थे."

आणि त्यांनी जे सांगितलं, ते जसं आठवतं तसं लिहितो. रविवारी सकाळी तू एकटा चालत दुकानात गेलास. म्हणालास, साहेबांना हवेत ते बटणाचे टायर मागवून ठेवा, दोन्ही चाकांचे. हसमुखभाई म्हणाले, "पण मास्टर, तमे तो ना पाडता हता," तुम्ही तर नाही म्हणत होतात. मग त्यांनी विचारलं, काल साहेब तसं बोलले, वाईट नाही वाटलं? तू म्हणालास, "लगा. लेकिन मेरे से चिल्ला के बात करने में सब लोग थक जाते हैं, घरवाले भी. ये आदमी नौ साल में नहीं थका. एक दिन बोल दिया तो बोल दिया."

हसमुखभाई पुढे म्हणाले, "मैंने पूछा, गाडी गिरेगी तो? बारिश है. तो बोले, मैं पीछे बैठता हूँ ना. पैर में पता चलता है. जहाँ घसरेगी, पहले से कंधा दबा दूँगा."

म्हणजे तुझे ते दोन फोन यासाठी होते. टायर आले आहेत, एवढंच तुला सांगायचं होतं. आपलं मत बदलल्याचं तू मला कळवत होतास, आणि मी पडद्यावर तुझं नाव पाहत फोन हातात धरून बसलो होतो.

हसमुखभाईंनी आतून दोन्ही टायर आणून समोर ठेवले. काळेभोर, जाड ठोकळ्यांचे. मला हवे होते अगदी तसेच. "ये उनका ऑर्डर है, साहेब. उनकी आखिरी बात. डाल दूँ?"

मी त्या टायरांकडे पाहिलं. हे बसवले तर तू दिलेलं मी घेतलं, असं होत होतं. नाकारले तर तुझा शेवटचा शब्द मोडला, असं होत होतं. आणि दोन्ही बाजूंनी मी पुन्हा स्वतःचाच विचार करत होतो, मी कसा दिसेन याचा. मग वहिनींचा प्रश्न आठवला. त्यायच्या वाट्याचं मत तुम्हीच सांगा. मी कसा दिसेन, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. तू काय म्हणाला होतास, एवढंच विचारलं होतं.

मी हसमुखभाईंना म्हणालो, "पुढचा टायर आधी काढून दाखवाल?"

त्यांनी काढला. मी त्याच्या नक्षीवरून तळहात फिरवला. एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत. उलट दिशेने फिरवला, तर प्रत्येक ठोकळ्याची कड हाताला करवतीसारखी लागली, एकामागून एक, पूर्ण चाकभर. हसमुखभाई म्हणाले, "ये तो कब का गया है, साहेब. आपको हँडल में नहीं लगा?" मी म्हणालो, "नहीं. उनको पैर में लगा था."

मग बटणाचे टायर परत पाठवायला सांगितलं आणि दोन्ही चाकांना डांबरी रस्त्याचे बसवायला सांगितले. हसमुखभाईंना ते पटलं नाही. "पण मास्टर तो पोते कही गया..." मास्टर स्वतःच सांगून गेले, असं म्हणत ते माझ्याकडे काहीसे नाराजीने पाहू लागले. त्यांच्या दृष्टीने मी तुझ्यावर दुसऱ्यांदा कुरघोडी करत होतो.

मी त्यांना म्हणालो, "मास्टरने हाँ किया था, क्योंकि वो पीछे बैठनेवाले थे."

त्यांनी गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिलं आणि ते डांबरी टायर काढायला आत गेले.

गजानन, तुझ्या वाट्याचं मत मी असं सांगितलं.